मेंदूचं माप, दोन मशीनं आणि एक रिटायर्ड क्यूसीवाला

आधी तारे सांगून टाकतो, म्हणजे घाईवाल्यांचा वेळ वाचेल. मशीनला साडेचार. मशीनवरच्या टेक्निशियन मुलाला पाचपैकी पाच. फोनवर अपॉइंटमेंट देणाऱ्या मुलीला दोन. आणि ‘ब्रेन व्हॉल्यूमेट्री’ नावाचं, म्हणजे मेंदूच्या भागांचं आकारमान मोजून द्यायचं, अडीच हजारांचं जादा पॅकेज एमआरआयला जोडून देतात, त्याला पहिल्या भेटीत एक आणि तिसऱ्या भेटीत तीन. एकाचे तीन कसे झाले एवढंच लिहायला बसलोय, पण थोडक्यात सांगणं मला जमत नाही हे आमच्या घरी कुणीही सांगेल.

सेंटरचं नाव लिहीत नाही. कर्वे रस्त्याच्या बाजूला आहे एवढं पुरे. त्याआधी जिथे गेलो होतो ते सातारा रस्त्याकडचं, त्याचंही नाव नाही. दोघांशीही माझं वाकडं नाही. माझं भांडण एका आकड्याशी आहे, आणि तसा आकडा उद्या तुमच्या घरातल्या कुणाच्याही रिपोर्टवर छापून येऊ शकतो.

मी चौतीस वर्षं भोसरी एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला, म्हणजे क्यूसीला, होतो. कोथरूडहून सकाळी सहा वीसची कंपनीची बस, आणि दिवसभर शाफ्ट, पिना, बुश यांची मापं. शेवटची नऊ वर्षं स्टँडर्ड रूम माझ्याकडे होती. स्टँडर्ड रूम म्हणजे कारखान्यातलं देवघर. तापमान वीस अंशांवर धरलेलं, बाहेरच्या चपला आत चालत नाहीत, आणि लाकडी पेटीत स्लिप गेज, म्हणजे बाकीची गेजं ज्यांच्यावर तपासायची ती. तिथे एक गोष्ट अंगात मुरते. माप चुकलं की आधी गेज, म्हणजे मापायचं साधन, तपासायचं, मग जॉब, म्हणजे मापलेला नग, आणि सगळ्यात शेवटी ऑपरेटरला बोलायचं. नवीन सुपरवायझर बरोबर उलट्या क्रमाने जातो.

आता घरचं. आमची सुमन अडुसष्टची. आयुष्यभर कुकरच्या शिट्ट्या तिने फोनवर बोलता बोलता मोजल्या. बहिणीशी अर्धा तास गप्पा मारेल पण तिसऱ्या शिट्टीला हात बरोबर गॅसच्या बटणावर. दोनेक वर्षांपूर्वी ती मला विचारायला लागली, “अहो, किती झाल्या?” पहिल्यांदा हसलो. मग एकदा वरणाचा कुकर कोरडा होऊन खालून काळा पडला, आणि मी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली.

पहिला एमआरआय ऑगस्ट २०२३ मध्ये, सातारा रस्त्याला. दीड टेस्लाचं मशीन (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), सकाळी आठची वेळ, पोहे-चहा करून गेलो होतो. रिपोर्टमध्ये आकडे नव्हते. रेडिओलॉजिस्ट मेंदूच्या आठवणीच्या भागाकडे नजरेने बघून झिजेला शून्य ते चार असा दर्जा देतात, १९९२ पासूनची पद्धत आहे, तो दोन्हीकडे एक आला. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, वर्षभराने पुन्हा बघू.

वर्षभराने सेंटर बदललं ते मीच. सातारा रस्त्याला पार्किंगची बोंब, आणि इथे नवंकोरं तीन टेस्लाचं मशीन आलं होतं. दीडपेक्षा तीन बरं, मोठं मशीन म्हणजे जास्त अचूक, असा हिशोब मी केला. गेज मध्येच बदलू नये हे पोरांना शिकवण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाने केला.

ऑक्टोबर २०२४. फोनवरची मुलगी म्हणाली, “रात्री दहानंतर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही.” वेळ दिली दुपारी साडेचारची. म्हटलं, ताई, साडेअठरा तास? “हो काका, सगळ्यांना तेच सांगतो.” नंतर कळलं की ती सूचना रंगद्रव्याचं इंजेक्शन देतात त्या पेशंटांसाठी असते, सुमनला इंजेक्शन नव्हतंच. ऑक्टोबर हीटमध्ये बाई सुकलेल्या तोंडाने कर्वे रस्त्यावर रिक्षातून उतरली. या दोन ताऱ्यांतला एक खरं तर मी दयेने दिलाय.

आतला मुलगा मात्र हिरा. लातूरकडचा असावा, बोलण्यावरून. मंगळसूत्र निघालं, जोडवी निघेनात. त्याने कात्री-पक्कड काही आणली नाही, हँडवॉशची बाटली आणली, स्वतः खाली बसला आणि “मावशी, माझ्या आईचीपण अशीच अडकतात” म्हणत दोन्ही जोडवी फिरवून फिरवून सोडवली. कानात बोळे, वरून हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजच्या उश्या, हातात दाबायचा रबरी फुगा. “मधे मधे आवाज बदलतो. भजन लावू की जुनी गाणी?” सुमन म्हणाली, काहीच नको, मी रामरक्षा म्हणते. बाहेर आल्यावर म्हणाली, चार वेळा पूर्ण झाली. म्हणजे पाठ आहे हो सगळी.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर. सात पानांची रंगीत पीडीएफ. मी पुढच्या तपासणीला तुलना व्हावी म्हणून जुनी सीडीही दिली होती, त्यामुळे पाचव्या पानावर दोन रकाने: डावा हिप्पोकॅम्पस तेव्हा २.९४ मिली, आता २.६२ मिली. वार्षिक घट ९.३ टक्के. हा आकडा लाल चौकटीत, आणि शेजारी खाली जाणारा बाण. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हिप्पोकॅम्पस हा कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या खालच्या अंगाला असलेला करंगळीएवढा भाग, दोन्हीकडे एकेक. नवीन आठवण टिकवण्याचं काम त्याचं. अल्झायमरमध्ये लवकर झिजणाऱ्या जागांपैकी ही एक.

पीडीएफ नाशिकच्या लेकीलाही गेली होती. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. तिने इंटरनेटवर बाणाचा अर्थ शोधला होता.

मी त्या रात्री झोपलो नाही हे खरं, पण सगळाच वेळ काळजीत गेला नाही. पहाटे तीनच्या सुमाराला डोक्यातला जुना क्यूसीवाला उठून बसला. साध्या म्हातारपणात हिप्पोकॅम्पस वर्षाला एक-दीड टक्का कमी होतो आणि अल्झायमरच्या पेशंटांत सरासरी चार-साडेचार, असं मी तोवर चार ठिकाणी वाचलं होतं. आमच्या हिचे नऊ? जिला भाजीवाल्याचे सुटे पैसे कळतात, रामरक्षा पाठ आहे, ती अल्झायमरच्या दुप्पट वेगाने खाली चाललीय? शंभर पिनांच्या लॉटमध्ये एकच पिन एवढी बाहेर आली असती तर मी पिन हातात घेतलीच नसती. आधी मायक्रोमीटर पुसला असता.

सकाळी जावयाच्या जुन्या लॅपटॉपवर एक फुकटचं डायकॉम व्ह्यूअर, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइली उघडायचा प्रोग्रॅम, टाकलं आणि दोन्ही सीड्या उघडल्या. चित्रातलं मला काही कळत नाही. पण प्रत्येक चित्रामागे एक हेडर असतो, आणि हेडर म्हणजे आपलं इन्स्पेक्शन रिपोर्टचं वरचं शीर्षक: मशीन कुठलं, सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली, किती वाजता, काप किती जाडीचा. डायरीत समोरासमोर लिहून काढलं. कंपनी वेगळी. दीड टेस्ला, तीन टेस्ला. काप १.२ मिलिमीटरचा, १ मिलिमीटरचा. वेळ सकाळी ८.२२, संध्याकाळी ५.०४. डोक्याभोवतीचा कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारा पिंजरा, वेगळा. आणि जुन्या सीडीत ‘चित्राचा प्रकार’ या ओळीच्या शेवटी ‘एनडी’ अशी दोन अक्षरं होती, त्यांचा अर्थ शोधायला मला अर्धा दिवस लागला. अर्थ असा की चित्रातली वेडीवाकडी ताण दुरुस्त केलेली नाही.

ही ताण काय, ते सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. एमआरआय मशीन जागा ओळखतं ते चुंबकीय क्षेत्राला मुद्दाम दिलेल्या उतारावरून. उतार सरळ रेषेत असेल तर माप बरोबर. पण बोगद्याच्या मध्यापासून लांब गेलं की उतार थोडा वाकतो, आणि चित्र तिथे ताणलं किंवा दाबलं जातं. घासून घासून मधे खोल झालेल्या स्टीलच्या पट्टीने मापल्यासारखं. कंपनीला आपल्या मशीनचा हा वाक माहीत असतो आणि तो दुरुस्त करायची सोयही मशीनमध्ये असते. बऱ्याचदा दुरुस्त केलेली आणि न केलेली अशी दोन्ही चित्रं तयार होतात. आमच्या जुन्या सीडीवर न केलेली आली. डोळ्याने बघून रोग ओळखणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, म्हणून कुणी लक्षही दिलं नसणार. मिलिलिटर मोजायला बसलं की पडतो.

किती पडतो याचा अंदाज मी पाठकोऱ्या कागदावर केला. हिप्पोकॅम्पसला शहाणपणाने समुद्रघोडा म्हणतात. मी त्याला पिन म्हटलं. दहा मिलिमीटर व्यास, चाळीस लांबी. आकारमान निघतं ३.१४ मिली, म्हणजे खऱ्याच्या आसपास. आता समजा कड ओळखताना सॉफ्टवेअरने सगळीकडून फक्त एक दशांश मिलिमीटर बाहेरून रेघ मारली. व्यास १०.२, लांबी ४०.२. आकारमान साडेचार टक्के वाढलं. एक दशांश मिलिमीटर म्हणजे वहीच्या कागदाची जाडी. आणि साडेचार टक्के म्हणजे अल्झायमरचं एक वर्ष. ज्या चित्राचा एक ठिपकाच एक मिलिमीटरचा आहे, त्यातून दशांशाची कड धरायची. पिनेला निदान कडक कड असते. इथे करडा भाग पांढऱ्यात हळूहळू मिसळतो, दुधात चहा ओतावा तसा. कुठे थांबायचं ते सॉफ्टवेअर छटेवरून ठरवतं, आणि छटाच मशीनगणिक बदलते. दीड टेस्लावर आणि तीन टेस्लावर तोच मेंदू सारखा उजळ-काळा दिसत नाही.

हा कागद आणि डायरी घेऊन मी दुसऱ्यांदा सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने “रिपोर्ट कॉम्प्युटरने काढलाय काका, त्यात चूक नसते” हे वाक्य ऐकवलं. त्याला मी काही बोललो नाही. रेडिओलॉजिस्ट मॅडमना दोन मिनिटं भेटायचंय म्हणालो आणि पाऊण तास बसून राहिलो.

मॅडम चाळिशीच्या असतील. कागद बघून हसल्या नाहीत, याचे मी वेगळे मार्क दिलेत. दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले आणि माउसने एकेक काप सरकवत गेल्या. “हे बघा काका, जुन्यात इथे कडेला करडं पसरल्यासारखं दिसतंय ना? सॉफ्टवेअरने ते आत धरलंय. नव्यात तीच जागा स्वच्छ आहे, ते बाहेर टाकलंय.” पडद्यावर हिरवी रेघ होती. मलासुद्धा दिसलं. जुन्या चित्रातली रेघ शेजारच्या एका काळसर पट्ट्याला वळसा घालून गेली होती आणि नव्यातली अलीकडूनच वळली होती. ती एवढीशी जागा, माझ्या चष्म्याच्या काडीइतकी रुंद. नाशिकला लेक रडली ती त्या जागेवरून.

मी विचारलं, मग तुम्ही ते दोन रकाने शेजारी छापलेत कशाला? मॅडम खरं बोलल्या. जुना स्कॅन दिला की सॉफ्टवेअर आपोआप वजाबाकी करतं. ते मशीनं जुळतात का बघत नाही. ते बघायचं काम माणसाचं, आणि त्या दिवशी माणसाकडे चाळीस रिपोर्ट होते.

मग त्यांनीच आणखी सांगितलं. पाणी न पिण्यानेही माप हलतं. सोळा तास पाणी न पिता राहिलेल्या माणसांचा सबंध मेंदू अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त आक्रसलेला दिसला, पाणी प्यायल्यावर परत भरला, असं २००५ सालच्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. सकाळी मेंदू किंचित मोठा आणि संध्याकाळी किंचित लहान मोजला जातो. त्याच दिवशी, त्याच माणसाचा. सुमनचा पहिला स्कॅन सकाळी पोहे-चहा घेऊन, दुसरा साडेअठरा तास कोरडी ठेवून संध्याकाळी. दोन्ही चुका एकाच दिशेला ढकलणाऱ्या. आमच्याकडे याला स्टॅक-अप म्हणतात. पाच टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायच्या तफावती, पाचही वाईट बाजूला गेले की जॉब भंगारात.

सॉफ्टवेअरचंही एक सोवळं असतं. २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टमधल्या संशोधकांनी फ्रीसर्फर या संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून आणि वेगवेगळ्या कॉम्प्युटरांवरून तेच स्कॅन पुन्हा चालवले. चित्र तेच, डोकं तेच. तरी आकारमानात सरासरी आठ-नऊ टक्क्यांपर्यंत फरक आला, काही जागी त्याहून कितीतरी जास्त. हे वाचून मी चहा गार होऊ दिला. म्हणजे मायक्रोमीटर सोडाच, मायक्रोमीटरचा आकडा वहीत उतरवणारा कारकून बदलला तरी पिन बारीक होते!

आता माझ्या वेडेपणाकडे येतो. कारखान्यात गेजवर भरवसा ठेवायचा का, हे ठरवायची एक पद्धत आहे, गेज आर अँड आर म्हणतात. दहा पार्ट घ्या, तीन माणसांकडून प्रत्येक पार्ट दोन-तीनदा मोजून घ्या. तोच पार्ट, तोच माणूस, तेच गेज, तरी आकडा किती हलतो ते एक. माणूस किंवा गेज बदललं की किती हलतो ते दुसरं. मिळून हलणं दहा टक्क्यांच्या आत तर गेज चांगलं, तीसच्या वर तर कपाटात. मला सुमनला पुन्हापुन्हा त्या बोगद्यात घालायचं नव्हतं. पार्ट म्हणून मी होतो की. एकाहत्तर वय, कवळी निघते, अंगात लोखंड नाही.

फॅमिली डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “चष्मा डोक्यावर ठेवून शोधता तुम्ही, लिहून देतो, त्यात खोटं काही नाही.” मॅडमनी पैशात थोडी सूट दिली. डिसेंबरात एका सकाळी, दोन ग्लास पाणी पिऊन, मी तीन टेस्लात गेलो, उठलो, बाहेर बाकावर दहा मिनिटं बसलो, पुन्हा गेलो. चार दिवसांनी त्याच वेळी सातारा रस्त्याला दीड टेस्लात. तिथल्या माणसाला चिठ्ठीच दिली होती: थ्रीडी टी-वन (आकारमान मोजायला लागतो तो स्कॅनचा प्रकार), ताण दुरुस्त केलेली मालिका सीडीवर पाहिजे. त्याने चिठ्ठी आणि मला आळीपाळीने बघितलं. तिन्ही स्कॅन मॅडमनी एकाच सॉफ्टवेअरमधून, एकाच दिवशी काढले.

डावा हिप्पोकॅम्पस. तीन टेस्ला, पहिल्यांदा ३.४१. तीन टेस्ला, दहा मिनिटांनी ३.३६. दीड टेस्ला, चार दिवसांनी ३.६६.

दहा मिनिटांत दीड टक्का झिजलो, आणि पहिल्या दोन आकड्यांची सरासरी धरली तर चार दिवसांत आठ टक्के उगवलो. तेही ताण दुरुस्त करून.

सुमन म्हणाली, “बरं झालं, तुमचा वाढतोय.” 

लगेच हुरळून मी कॅल्क्युलेटर काढला. जुनं मशीन आठ टक्के जास्त दाखवतं, तर सुमनचे २.९४ म्हणजे खरे २.७२, आणि २.७२ चे २.६२ म्हणजे पावणेचार टक्के, चौदा महिन्यांत. मॅडमनी तिथल्या तिथे हात धरला. माझ्या डोक्यावरून काढलेली दुरुस्ती तिच्या डोक्याला लागत नाही. डोकं केवढं, बोगद्यात कुठे ठेवलं, कड कशी दिसते, सगळं वेगळं; शिवाय तिच्या जुन्या सीडीवर ताण तशीच आहे, माझ्या नाही. आणि एका माणसाचे तीन आकडे म्हणजे अभ्यास नव्हे. एक पार्ट, एक ऑपरेटर. माझ्याच खात्यातल्या पोराने असा आर अँड आर आणला असता तर मी परत पाठवला असता. गप्प बसलो.

मोठ्या संशोधनात हे कसं सांभाळतात तेही त्यांच्याकडूनच कळलं. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या ‘ॲडनी’ या अल्झायमरच्या अभ्यासात पन्नासहून जास्त सेंटरं होती, तर त्यांनी प्रत्येक मशीनला प्रोटोकॉल बांधून दिला आणि तपासायला फँटम दिला: द्रव भरलेले छोटे गोळे ठरावीक जागी बसवलेला एक मोठा गोळा. गोळे चित्रात जागच्या जागी दिसले तर मशीन सरळ. ज्यावर गेज तपासायचं तो मास्टर पीसच हा! या सेंटरच्या कपाटातही कंपनीच्या इंजिनिअरचा एक साधा फँटम आहे, मी हातात घेऊन पाहिला, पाण्याच्या बरणीसारखा. कधी कधी चार निरोगी माणसंच गावोगावच्या मशीनमध्ये फिरवून आणतात, मी गेलो तसं. आणि शेकडो लोकांचे आकडे हातात असले तर गणिताने मशीनचा हिस्सा वेगळा काढता येतो. कॉम्बॅट नावाची रीत आहे, मूळ जनुकांच्या कामातली, २००७ ची. पण त्याला घोळका लागतो. एकट्या बाईची सीडी घेऊन काउंटरवर उभ्या असलेल्या नवऱ्याला तिचा उपयोग नाही.

पीडीएफमधल्या आणखी एका आकड्यावर माझा राग अजून गेलेला नाही. ‘वयाच्या तुलनेत सहावा पर्सेंटाइल.’ कोणाच्या तुलनेत? शंभर बायकांत सुमन खालून सहावी, तर त्या शंभर बायका कुठल्या? सॉफ्टवेअर परदेशी, तुलनेची माणसंही बहुतेक तिकडची, एवढंच उत्तर मिळालं. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या लोकांनी शंभर भारतीयांचे स्कॅन घेऊन भारतीय मेंदूचा नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा आकाराने लहान निघाला होता. अर्थात ती शंभर माणसं तरुण, विशी-तिशीतली. अडुसष्टच्या कोथरूडकर बाईचं माप घ्यायला त्यांचाही उपयोग नाही. सॉफ्टवेअर डोक्याच्या आकाराचा हिशोब धरतं म्हणे. धरत असेल. जर्मन माणसाच्या मापाने शिवलेला सदरा पुण्यात घालता येतो, पण बाही लांब झाली म्हणून हात आखूड आहे असं शिंप्याने म्हणू नये.

न्यूरॉलॉजिस्टांकडे हे सगळं बाड घेऊन गेलो तर त्यांनी लाल चौकटीकडे बघितलंही नाही. सुमनला पाच शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, मग पाच शब्द परत विचारले. मागच्या वर्षी तीन आठवले होते, यंदाही तीन. “तब्येत आहे तिथेच आहे साधारण,” म्हणाले. “पुढचा स्कॅन करा, पण आता मशीन बदलू नका.” हे वाक्य त्यांनी ऑक्टोबरच्या आधी सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते, पण त्यांना तरी काय माहीत की क्यूसीवाल्याला हे सांगावं लागतं.

तिसऱ्यांदा सेंटरवर गेलो ते माझी पावती आणायला, फेब्रुवारीत. मॅडमनी नवा नमुना दाखवला. आता मशीन वेगळं असेल तर तुलनेचा रकाना छापत नाहीत. त्या जागी एक ओळ येते, मराठीतही, की आधीचा स्कॅन दुसऱ्या मशीनवरचा असल्याने आकड्यांची वजाबाकी करू नये. खाली मशीन, टेस्ला, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वेळ. लाल बाण काढलाय. फोनवरची मुलगी अजून सगळ्यांना उपाशी बोलावते, मी मुद्दाम दुसऱ्या नंबरवरून फोन करून तपासलं. ते दोन तारे म्हणूनच दोन राहिले. पर्सेंटाइल तसाच आहे, म्हणून पॅकेजला तीनच्या वर जात नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: रिपोर्टची पीडीएफ नव्हे, डायकॉम फाइली मागा, पेनड्राइव्हवर. इथे शंभर रुपये घेतात. सातारा रस्त्याला मी २०२३ च्या ताण दुरुस्त केलेल्या फाइली मागायला गेलो तर सर्व्हरवरून काढून टाकल्या होत्या, आणि आता त्या कुठेच नाहीत. दुचाकी मागच्या गल्लीत लावा, पुढे लावली तर टोइंगवाले उचलतात. चहा समोरच्या टपरीवर चांगला मिळतो.

सुमनचा पुढचा स्कॅन ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरवला होता. तेच मशीन, तोच मुलगा, सकाळी साडेआठ, दोन ग्लास पाणी. डायरीत सॉफ्टवेअरची आवृत्तीसुद्धा लिहून ठेवली. गेल्या आठवड्यात त्या लातूरच्या मुलाचाच फोन आला. “काका, तुम्हाला सांगून ठेवतो, ऑगस्टमध्ये मशीनचं अपग्रेड आहे. सॉफ्टवेअर बदलणार, डोक्याचा कॉइलपण नवीन येणार.” मी विचारलं, तारीख नक्की कधी? म्हणाला, बारापासून. म्हणून सुमनची वेळ अकरा ऑगस्टला घेतली, जुन्या कॉइलवर. आणि अपग्रेड झाल्यावर पहिल्या सकाळी माझी.